दशकातले सर्वश्रेष्ठ बॉक्सर: क्रमवारी लावायची पद्धत

सर्वकालीन सर्वश्रेष्ठ बॉक्सर कोण, हा वाद मिटणारा नाही. १९२० सालचा आणि २०२० सालचा बॉक्सर एकमेकांसमोर कधीच उभे राहणार नाहीत. दशकाचा वाद मात्र बराचसा मिटवता येतो. एका दशकातले बॉक्सर साधारण एकाच नियमांखाली लढतात, बऱ्याचदा एकमेकांशी लढतात, आणि दोघे कधी भिडलेच नसले तरी दोघांच्याही हातचा मार खाल्लेला तिसरा कोणीतरी सापडतो. त्यामुळे पुराव्यावर बोलता येतं.

तरीही अशा बहुतेक याद्या फसतात, कारण लावणारा नावं मोजत बसतो. अमक्याने अलीला हरवलं, तमक्याने जो लुईला हरवलं. पण कोणत्या अलीला? मोजायचं असतं ते त्या रात्री समोर उभ्या असलेल्या माणसात किती दम शिल्लक होता ते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नासाठी आहेत.

आधी कुंपण घाला

दशक १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर १९८९ असं धरायचं की १९८१ ते १९९०, हे आधी कागदावर लिहा. दोन्ही चालतं. एकदा ठरलं की आवडत्या बॉक्सरसाठी ते सरकवायचं नाही, एवढंच पथ्य.

सरकवलं तर काय होतं ते पाहा. ३० नोव्हेंबर १९७९ रोजी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये एकाच कार्यक्रमात दोन मोठ्या लढती झाल्या. शुगर रे लेनर्डने विल्फ्रेड बेनिटेझला हरवून वेल्टरवेटचं (१४७ पाउंडांपर्यंतचा वजनगट) विजेतेपद घेतलं आणि मार्विन हॅग्लरची मिडलवेट (१६० पाउंडांपर्यंत) विजेत्या वीटो अँटुओफेर्मोशी लढत बरोबरीत सुटली. दोन्ही निकाल सत्तरच्या दशकाच्या खात्यात जातात, अवघ्या महिन्याभराच्या फरकाने. टायसनचं उदाहरण आणखी बोलकं आहे. बस्टर डग्लसने त्याला टोकियोत लोळवलं ते ११ फेब्रुवारी १९९० रोजी. १९८० ते १९८९ असं धरलं तर टायसन त्या दशकात अपराजित ठरतो. १९८१ पासून धरलं तर हेवीवेटच्या (सर्वात वरच्या वजनगटाच्या) इतिहासातला सर्वात धक्कादायक पराभव त्याच्या माथी बसतो.

कुंपणाचे आणखी दोन नियम. पहिला, नंतर घडलेलं मागे लावायचं नाही. फ्लॉइड मेवेदरने मॅनी पॅकियाओला २ मे २०१५ रोजी हरवलं. २००० ते २००९ या दशकात दोघांपैकी वर कोण, हे ठरवताना ती लढत बाजूला ठेवायची. त्या दशकात ते एकमेकांशी लढलेच नाहीत. दुसरा, न झालेल्या लढतींचे गुण नाहीत. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे मुहम्मद अली मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० रिंगबाहेर होता. त्या काळात तो आणखी दहा लढती जिंकला असता, असं म्हणायला हरकत नाही, पण यादीत ते दहा विजय धरता येत नाहीत. साल्वादोर सांचेझ १२ ऑगस्ट १९८२ रोजी कार अपघातात गेला तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. त्याच्याबद्दलही हेच. जे केलं तेवढंच मोजायचं, आणि त्याने केलेलं कमी नाही.

हौशी बॉक्सिंग वेगळं ठेवा. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं, पण तो व्यावसायिक रिंगमध्ये उतरलाच नाही. त्याला जॉर्ज फोरमनच्या शेजारी कुठे बसवणार? महिला बॉक्सरांची यादीही स्वतंत्र लावावी. तिथे फेरी बहुधा दोन मिनिटांची आणि विजेतेपदाची लढत दहा फेऱ्यांची असते. केटी टेलर आणि क्लॅरेसा शील्ड्स यांचा हिशेब त्या चौकटीतच नीट होतो.

नोंदवही: एका लढतीला एक ओळ

बॉक्सरेक या संकेतस्थळावर जवळजवळ प्रत्येक व्यावसायिक बॉक्सरची लढतवार नोंद मिळते. त्यातून आपल्या दशकातल्या लढती उतरवून घ्या. किती जिंकल्या आणि किती हरल्या हा एकूण आकडा उतरवू नका. त्यानेच डोकं भरकटतं. प्रत्येक लढतीसाठी पाच गोष्टी लिहा: तारीख, प्रतिस्पर्धी, त्याचं वय आणि आधीच्या दोन वर्षांतले त्याचे निकाल, दोघांची वजनं, आणि निकाल कसा लागला.

तिसरा रकाना भरायला कंटाळा येतो आणि सगळी यादी त्याच्यावर उभी असते. नमुना म्हणून दोन ओळी देतो.

२ ऑक्टोबर १९८०. लॅरी होम्स विरुद्ध मुहम्मद अली. अली ३८ वर्षांचा. शेवटची लढत सप्टेंबर १९७८ मध्ये, त्यानंतर निवृत्ती. होम्स दहाव्या फेरीनंतर विजयी. अलीच्या कोपऱ्यानेच (म्हणजे त्याच्या प्रशिक्षकाच्या चमूनेच) लढत थांबवली.

१६ सप्टेंबर १९८१. शुगर रे लेनर्ड विरुद्ध थॉमस हर्न्स. हर्न्स २२ वर्षांचा, ३२ लढती आणि सगळ्या जिंकलेल्या, त्यातल्या ३० नॉकआउट. दोघेही आपापल्या खऱ्या वजनात, वेल्टरवेटमध्ये. लेनर्ड चौदाव्या फेरीत विजयी, आणि तोपर्यंत तिन्ही पंचांच्या कार्डांवर मागे.

नाव बघाल तर पहिली ओळ मोठी वाटेल. तिसरा रकाना वाचला की चित्र उलटतं.

जुन्या दशकांत शिरलात तर नोंदींत एक गोची आहे. न्यूयॉर्कमध्ये १९११ ते १९१७ या काळात लागू असलेल्या फ्रॉली कायद्याखाली पंचांनी विजेता जाहीर करायचा नाही असा नियम होता आणि इतरही काही राज्यांत तशीच पद्धत होती. नॉकआउट झाला नाही तर अधिकृत निकालच नाही. मग दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बातमीदार ज्याला सरस ठरवत तो जिंकला असं लोक धरत. नोंदींत हे निकाल वेगळ्या खुणेने दिसतात. ते गाळले तर १९१० च्या दशकातल्या अनेकांची अर्धी कारकीर्द उडून जाते, म्हणून धरायचे; पण दोन वर्तमानपत्रांनी दोन वेगळे विजेते दिले असतील तर बरोबरी समजून पुढे जायचं.

विजयाची प्रत

आता प्रत्येक विजयाला अ, ब, क किंवा ड अशी प्रत द्या. अ म्हणजे प्रतिस्पर्धी त्या घडीला विजेता किंवा त्या वजनातल्या पहिल्या दोघा-तिघांतला, ऐन भरात आणि स्वतःच्या वजनात. यातलं एक काही कमी असेल तर ब. दोन गोष्टी कमी असतील, किंवा तो क्रमवारीत खालच्या अंगाला असेल तर क. बाकी सगळं ड.

बेरीज करू नका. बेरजेत जास्त लढणारा आपोआप वर जातो आणि दशकागणिक लढतींची संख्या प्रचंड बदलते. हॅरी ग्रेब एकट्या १९१९ सालात पंचेचाळीस वेळा रिंगमध्ये उतरला. फ्लॉइड मेवेदर २०१० ते २०१९ या अख्ख्या दशकात दहा लढती लढला. हे दोन आकडे एका सूत्रात बसवायच्या नादी लागू नये.

प्रत देताना सर्वात फसवं असतं ते नंतर मोठं झालेलं नाव. मे १९९३ मध्ये रॉय जोन्सने बर्नार्ड हॉपकिन्सला गुणांवर हरवलं. आज ते वाचून अंगावर काटा येतो, कारण हॉपकिन्सने पुढे मिडलवेटचं विजेतेपद वीस वेळा राखलं. पण त्या रात्री हॉपकिन्स अजून विजेता नव्हता, घडत होता. माझ्या मते हा ब प्रतीचा विजय. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९४ मध्ये, जोन्सने जेम्स टोनीला हरवलं. टोनी तोवर अपराजित होता, सुपर मिडलवेटचा विजेता होता आणि जगातल्या पहिल्या दोघा-तिघांत त्याचं नाव घेतलं जात होतं. वजन उतरवताना त्याची दमछाक झाली होती हे खरं, तरी हा विजय अ. नव्वदच्या दशकात जोन्सला वर नेणारी लढत ही आहे, हॉपकिन्सची नव्हे.

याच्या उलटही घडतं. जुलै १९८२ मध्ये सांचेझसमोर अझुमा नेल्सन ऐनवेळी बदली म्हणून आला. तेरा लढतींचा अनुभव, फारसं कोणी नावही ऐकलेलं नाही. त्या वेळची क्रमवारी पाहिली तर क. पण लढतीची फिल्म बघा. नेल्सन पहिल्या फेरीपासून धडकी भरवतो आणि सांचेझला त्याला थांबवायला पंधरावी फेरी गाठावी लागते. तेव्हा लोकांना माहीत नव्हतं एवढंच. दम होता आणि तो दिसतो. याला मी ब देतो. तेव्हाची क्रमवारी आणि नंतरची कीर्ती यांचं पटत नसेल तर फिल्मचं ऐका.

ओळखीचं नाव, उतरलेलं शरीर हा तिसरा सापळा. रॉकी मार्सियानोने ऑक्टोबर १९५१ मध्ये जो लुईला आठव्या फेरीत नॉकआउट केलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. लुई क्रमवारीत होता म्हणून हा विजय क, नाहीतर ड. होम्सचा अलीवरचा विजय मात्र सरळ ड, आणि होम्सला स्वतःलाही त्या रात्रीचा आनंद झाला नव्हता.

पराभव कसा वाचावा

एकही पराभव नसलेला शून्य आकडा दिसला की लोक भारावतात. तो आकडा एवढंच सांगतो की त्याला कोणी हरवलं नाही. कोणाकोणाशी तो लढला ते सांगत नाही. पराभव झाला असेल तर तीन गोष्टी विचारा. समोरचा कोण होता? निकाल खरा होता का? आणि पुढे त्याच माणसाला हरवून हिशेब चुकता केला का?

शुगर रे रॉबिन्सन १९४० च्या दशकात एकदाच हरला, फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटाकडून. लामोटा अंगाने बराच भारी होता. त्याच महिन्यात रॉबिन्सनने त्याला परत हरवलं आणि दोघांच्या सहा लढतींपैकी पाच रॉबिन्सनच्या नावावर आहेत. असा पराभव यादीत कोणाला खाली ओढत नाही. उलट किती वेळा हा माणूस अवघड लढत अंगावर घ्यायला तयार होता ते दाखवतो.

मार्च १९८८ मध्ये पॅरिसजवळ पर्नेल व्हिटेकर होसे लुईस रामिरेझकडून हरल्याची नोंद आहे. ती लढत पाहिलेल्या माणसाला हा निकाल पटवून देणं कठीण. असा निकाल नोंदवहीत तसाच ठेवा, शेजारी आपला निकाल लिहा आणि प्रत देताना आपला निकाल धरा. पण ही सवलत फक्त आवडत्या बॉक्सरला देऊ नका. सप्टेंबर १९७६ मध्ये अलीला केन नॉर्टनविरुद्ध मिळालेला निकालही तितकाच वादग्रस्त आहे, आणि अलीचे चाहते तो सोयीस्कर विसरतात.

बेल्ट मोजायचे की नाही

बेल्ट म्हणजे विजेतेपदाचा पट्टा. मोजा, पण त्या काळच्या भावाने. हेन्री आर्मस्ट्राँगने ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या काळात फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट अशी तीन विजेतेपदं घेतली आणि तिन्ही एकाच वेळी त्याच्याकडे होती. तेव्हा मुख्य वजनगट आठ होते आणि प्रत्येकात बहुतेक एकच मान्य विजेता. आज सतरा गट आहेत, डब्ल्यूबीसीने हेवीवेटखाली काढलेला नवा गट धरला तर अठरा, आणि जवळजवळ प्रत्येकावर डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संस्थांचे बेल्ट. वरून हंगामी विजेते निराळे.

बेल्ट जमवायच्या युक्त्याही असतात. नोव्हेंबर १९८८ मध्ये लेनर्डची डॉनी लालोंडशी लढत झाली. लालोंड लाइट हेवीवेटचा (मर्यादा १७५ पाउंड) विजेता, पण लढत १६८ पाउंडांवर ठेवली गेली आणि डब्ल्यूबीसीने त्याच लढतीवर लाइट हेवीवेट आणि सुपर मिडलवेट असे दोन्ही बेल्ट लावले. एका रात्रीत दोन विजेतेपदं. कागदावर भारी दिसतं. आमच्या वहीत तो क प्रतीचा एक विजय.

उलट ज्याला विजेतेपदाची संधीच मिळाली नाही त्याला बेल्टच्या हिशेबाने खाली टाकणं अन्यायाचं आहे. सॅम लँगफर्ड आणि हॅरी विल्स हे कृष्णवर्णीय हेवीवेट वर्षानुवर्षं दारात उभे राहिले, पण जागतिक विजेतेपदाची लढत त्यांना मिळाली नाही. एझर्ड चार्ल्सचं लाइट हेवीवेटमध्ये तेच झालं. १९४६ ते १९४८ या काळात त्याने आर्ची मूरला तीनदा हरवलं, त्याआधी चार्ली बर्लीला दोनदा. लाइट हेवीवेटचा बेल्ट त्याला कधीच मिळाला नाही. तरी १९४० च्या दशकात रॉबिन्सननंतर मी त्यालाच ठेवतो, विली पेपच्याही वर. पेपच्या विजयांची संख्या डोळे दिपवणारी आहे, पण चार्ल्सच्या वहीत अ प्रतीच्या ओळी जास्त आहेत.

फिल्म बघताना

आवाज बंद करा. समालोचक एकाच्या बाजूने बोलायला लागला की दुसऱ्याचे ठोसे दिसेनासे होतात, आणि गर्दी हातमोज्यावर बसलेल्या ठोशालाही ओरडते. कागदावर बारा किंवा पंधरा रकाने आखा, फेरी संपली की फिल्म थांबवा आणि लगेच आकडा लिहा: सरस ठरलेल्याला दहा, दुसऱ्याला नऊ, नॉकडाउन (ठोशाने खाली पडणं) असेल तर आठ. मागे जाऊन आकडे बदलायचे नाहीत.

सरावासाठी १० सप्टेंबर १९९३ ची सॅन अँटोनिओतली व्हिटेकर विरुद्ध चावेझ ही लढत घ्या. हुलिओ सेसार चावेझ ८७ विजय आणि शून्य पराभव घेऊन आला होता. निकाल बरोबरीचा लागला: दोन पंचांचे ११५-११५, तिसऱ्याने व्हिटेकरला ११५-११३ दिले. पहिल्यांदा बघताना नेहमीसारखे गुण द्या. दुसऱ्यांदा बघताना हात पाहूच नका, फक्त पाय पाहा. व्हिटेकर डावखुरा, त्याचा पुढचा उजवा पाय चावेझच्या डाव्या पायाच्या बाहेर किती वेळा पडतो ते मोजा. तो बाहेर पडला की चावेझच्या उजव्या हाताला सरळ वाट राहत नाही आणि त्याला प्रत्येक वेळी वळून पुन्हा सुरुवात करावी लागते. चावेझ पुढे सरकत राहतो, म्हणून वरवर पाहणाऱ्याला तोच चढाई करतोय असं वाटतं. पण जागा व्हिटेकर ठरवतो आहे. माझ्या कागदावर व्हिटेकर आरामात जिंकतो.

१९२० च्या दशकात फिल्मचा आधार तुटपुंजा आहे. मूकपटांच्या काळातली चित्रं आज वेगळ्या गतीने चालवली की हालचाली झटकेदार दिसतात. त्यावरून वेग किंवा लय ठरवू नका. ग्रेबची तर सरावाची थोडी दृश्यं सोडली तर एकही लढत पाहायला मिळत नाही. मग काय करायचं? नोंदीवर जायचं. जीन टनीला अख्ख्या कारकिर्दीत एकाच माणसाने हरवलं, मे १९२२ मध्ये, आणि तो ग्रेब होता. टनीने पुढे जॅक डेम्प्सीला दोनदा हरवलं. ग्रेबला १९२० च्या दशकात पहिलं ठेवायला मला फिल्म लागत नाही.

नियम आणि वजन

१९८२ च्या नोव्हेंबरात रे मॅन्सिनीशी झालेल्या लढतीनंतर दक्षिण कोरियाचा किम डुक-कू दगावला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या आणि काही वर्षांत इतर संस्थाही त्याच वाटेने गेल्या. ऐंशीच्या दशकात म्हणून दोन खेळ आहेत. लेनर्डने हर्न्सला चौदाव्या फेरीत थांबवलं. लढत बारा फेऱ्यांची असती तर हर्न्स गुणांवर जिंकला असता. झालेली लढत पंधरा फेऱ्यांची होती, तेव्हा श्रेय लेनर्डलाच.

वजन पूर्वी लढतीच्या दिवशीच होत असे. आता आदल्या दिवशी होतं आणि मधल्या तासांत बॉक्सर पाणी-जेवण घेऊन बराच वाढतो, म्हणून नोंदीतल्या वजनावर डोळे झाकून विसंबू नका. ठरवून घेतलेलं मधलं वजनही तपासा. पॅकियाओने नोव्हेंबर २०१० मध्ये अँटोनिओ मार्गारितोला हरवून १५४ पाउंडांचं विजेतेपद घेतलं, पण लढतीची मर्यादा १५० पाउंड ठेवलेली होती.

जोड्या लावा: ऐंशीच्या दशकाचा हिशेब

आता दोघा-दोघांना समोरासमोर ठेवून एकच प्रश्न विचारायचा: या दोघांपैकी कोणाची दहा वर्षं जास्त जड? पाच नावांपर्यंतच थांबा. दहाव्या क्रमांकासाठी केलेल्या भांडणातून काही निष्पन्न होत नाही.

लेनर्ड आणि हॅग्लर ही सर्वात अवघड जोडी. लेनर्डच्या विरोधात मोठी बाब म्हणजे तो दशकभरात फक्त बारा लढती लढला. जून १९८० मध्ये रोबेर्तो दुरानकडून हरला. नोव्हेंबरात परत हरवलं, पण दुरान मधल्या काळात सुटला होता आणि घाईघाईने वजन उतरवून आला होता, म्हणून तो विजय ब. १९८९ मध्ये हर्न्सने त्याला दोनदा खाली पाडलं आणि तरी लढत बरोबरीत सुटली, हे लेनर्डचं नशीब. पण १९८१ चा हर्न्स अ. अपराजित अयुब कालुले त्याच्याच वरच्या वजनात, ब. आणि एप्रिल १९८७ मध्ये, आधीच्या पाच वर्षांत फक्त एक लढत खेळून, मिडलवेटला वर चढून हॅग्लरवर मिळवलेला विजय. तो निकाल विभागून होता (दोन पंच लेनर्डकडे, एक हॅग्लरकडे), एका पंचाचे ११८-११० कोणालाच पटणारे नाहीत, हॅग्लरही ३२ वर्षांचा होऊन थोडा मंदावला होता. तरीही ब आणि अ यांच्या मधला.

हॅग्लरने सप्टेंबर १९८० पासून विजेतेपद बारा वेळा राखलं आणि दशकात एकदाच हरला. सातत्यात त्याच्या जवळपास कोणी नाही. खोच अशी की त्याचे गाजलेले तिन्ही विजय, दुरान, हर्न्स आणि जॉन मुगाबी, खालच्या वजनातून वर आलेल्यांवरचे आहेत. दुरान तर मूळचा लाइटवेट, आणि तोही पंधरा फेऱ्या टिकला. खऱ्या मिडलवेटमध्ये ॲलन मिंटर, मुस्तफा हमशो, टोनी सिब्सन हे चांगले होते, थोर नव्हते. हॅग्लरच्या वहीत ब ओळीने लागतात. निखळ अ शोधावा लागतो.

म्हणून पहिला लेनर्ड, दुसरा हॅग्लर, आणि अंतर बोटभर.

तिसरा मायकेल स्पिंक्स, ज्याला लोक टायसनसमोरच्या ९१ सेकंदांसाठी लक्षात ठेवतात. मार्च १९८३ मध्ये ड्वाइट ब्रॅक्स्टनला हरवून तो लाइट हेवीवेटचा निर्विवाद (सगळे मान्य बेल्ट एकाकडे असलेला) विजेता झाला. सप्टेंबर १९८५ मध्ये त्याने ४८ विजय आणि शून्य पराभव असलेल्या होम्सला हरवलं. लाइट हेवीवेटच्या विद्यमान विजेत्याने हेवीवेटचं विजेतेपद घ्यायची ती पहिलीच वेळ. परतीची लढत मात्र होम्सने जिंकली असं मानणारे पुष्कळ आहेत.

चौथा चावेझ. दशकभर अपराजित, तीन वजनांत विजेता आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये एडविन रोसारिओला अकराव्या फेरीत थांबवलं ती कामगिरी निर्विवाद अ. बाकीच्या यादीत ब आणि क जास्त. पाचवा सांचेझ: अडीच वर्षांत डॅनी लोपेझ दोनदा आणि ऑगस्ट १९८१ मध्ये विल्फ्रेदो गोमेझ. गोमेझची तोपर्यंत एकच लढत बरोबरीत सुटली होती, बाकीच्या सगळ्या त्याने नॉकआउटने जिंकल्या होत्या.

टायसन कुठे? त्याचे दोन मोठे विजय म्हणजे स्पिंक्स आणि होम्स. होम्स जानेवारी १९८८ मध्ये जवळजवळ दोन वर्षांच्या विश्रांतीनंतर ३८ व्या वर्षी आला होता. राहिला स्पिंक्स. टायसन माझ्या पाचांत बसत नाही. हॅग्लरला कोणी लेनर्डच्या वर ठेवलं तर मी भांडणार नाही. टायसनला ठेवलं तर भांडेन.

बाकीची दशकं, थोडक्यात

१९३० चं दशक आर्मस्ट्राँग आणि लुई या दोघांत. लुई १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगकडून हरला आणि १९३८ मध्ये पहिल्याच फेरीत त्याचा निकाल लावला, पण लुईची बरीच वर्षं पुढच्या दशकात जातात. आर्मस्ट्राँग वर. १९५० च्या दशकात रॉबिन्सन मिडलवेटमध्ये पाच वेळा विजेता झाला, तरी हरलाही बराच. आर्ची मूरला मी त्याच्या बरोबरीने तोलतो. १९६० च्या दशकात बँटमवेटचा एडर जोफ्रे आणि अली. जोफ्रे त्या दशकात फक्त फायटिंग हाराडाकडून हरला, दोनदा. अली साडेसहा वर्षांत अपराजित, सनी लिस्टनवर दोन विजय. अली वर.

१९७० च्या दशकात तिघं: अली, दुरान आणि कार्लोस मोन्झोन. दुरान जून १९७२ पासून लाइटवेटवर राज्य करत होता, दशकात एकच पराभव, तोही एस्तेबान दे हेसुसला पुढे दोनदा हरवून फेडलेला. मोन्झोनने चौदा वेळा विजेतेपद राखलं आणि विजेता म्हणूनच निवृत्त झाला. अली फ्रेझर, नॉर्टन आणि लिऑन स्पिंक्सकडून हरला. पण ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात त्याने हरवलेला फोरमन चाळीस लढती जिंकलेला अपराजित फोरमन होता. त्या दशकात एवढी जड ओळ दुसऱ्या कोणाच्या वहीत नाही. अली, दुरान, मोन्झोन, या क्रमाने.

२००० चं दशक पॅकियाओचं. मार्च २००५ मध्ये एरिक मोरालेसकडून हरूनही बॅरेरा, मोरालेस, मार्केझ, हॅटन आणि कॉटो अशी रांग त्याने लावली. मेवेदर अपराजित राहिला, पण अशी रांग त्याच्याकडे नाही.

चालू दशक

इथे पेन्सिलनेच लिहा. २०२५ अखेरपर्यंतच्या लढती धरल्या तर वर तीन नावं आहेत. नाओया इनोउए डिसेंबर २०२२ मध्ये बँटमवेटचा आणि सुमारे वर्षभराने सुपर बँटमवेटचा निर्विवाद विजेता झाला. टेरेन्स क्रॉफर्ड फक्त सहा लढती लढला, पण त्यांत जुलै २०२३ मध्ये अपराजित एरॉल स्पेन्सला तीनदा खाली पाडून नवव्या फेरीत थांबवलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन वजनगट ओलांडून कानेलो आल्वारेझला गुणांवर हरवलं. ओलेक्सांद्र उसिकने अँथनी जोशुआला दोनदा, टायसन फ्युरीला दोनदा आणि डॅनिएल दुबुआलाही दोनदा हरवलं. या सगळ्यांपेक्षा तो अंगाने लहान होता आणि फ्युरी मे २०२४ पर्यंत अपराजित होता.

तिसऱ्या रकान्यात पाहा. स्पेन्स पंधरा महिन्यांनी रिंगमध्ये येत होता. कानेलो ३५ वर्षांचा आणि मे २०२२ मध्ये दिमित्री बिवोलकडून हरलेला. उसिकच्या समोरचे बहुतेक ऐन भरातले आणि त्यांच्या खऱ्या वजनातले. आज उसिक पहिला, क्रॉफर्ड दुसरा, इनोउए तिसरा. इनोउएच्या वहीत अजून जागा आहे, म्हणून त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं आहे.